पुनर्विकासाआधी विमानतळाची उंची-परवानगी: क्रम कसा ठेवायचा आणि कुठे चुकतं

विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यातल्या सोसायट्यांचा पुनर्विकास बऱ्याचदा एकाच जागी अडकतो. बिल्डर ठरलेला असतो, वाढीव चटईक्षेत्राच्या आकड्यांना सभेत टाळ्या पडलेल्या असतात. मग भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं पत्र येतं आणि त्यातल्या उंचीत आराखड्यातले वरचे दोन-तीन मजले बसत नाहीत. लोक पत्राला दोष देतात. खरं तर कामाचा क्रमच उलटा झालेला असतो. या पट्ट्यात जागेवर किती एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती चटईक्षेत्र, मिळतो हा दुसरा प्रश्न आहे. तो रचायला वर जागा किती आहे, हा पहिला.

हा लेख सोसायटीच्या कमिटीसाठी आणि स्वतःच्या प्लॉटवर बांधणाऱ्यांसाठी आहे. आर्किटेक्टला यातलं बरंच ठाऊक असतं. पण अर्जावर सही मालकाची असते आणि पुढची जबाबदारीही त्याच्याकडेच राहते.

## टप्पा १: परवानगी कोणाकडून लागते ते आधी ठरवा

मुंबई, जुहू, नवी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर या नागरी विमानतळांसाठी अर्ज विमानतळ प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर होतो. आधार आहे केंद्र सरकारचे २०१५ सालचे उंची-निर्बंध नियम, म्हणजे जीएसआर ७५१ (ई), आणि त्यांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्त्या.

पुण्याची गोष्ट वेगळी. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, प्रवासी टर्मिनल तेवढं नागरी. विमाननगर, खराडी, वडगाव शेरी भागात परवानगी हवाई दलाकडून घ्यावी लागते. गोव्यात दाबोळी नौदलाचा तळ आहे, मोपा नागरी. प्राधिकरणाच्या पत्रातच अट असते की जागा संरक्षण खात्याच्या हद्दीत येत असेल तर त्यांची परवानगी वेगळी घ्या. ही ओळ वाचायची राहून जाते.

दुसरी अडचण एका जागेवर दोन विमानतळांची. पार्ले पश्चिमेला सांताक्रूझचा मोठा विमानतळ लागू होतो आणि जुहूचाही. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे, पनवेल, खारघरच नव्हे, तर खाडीच्या अलीकडच्या भागानेही नकाशा नव्याने पाहायला हवा. दोन मर्यादा निघाल्या तर कमी असलेली पाळायची.

मग कलर कोडेड झोनिंग मॅप उघडा. त्यात परिसराचे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक रंगाला समुद्रसपाटीपासूनची एक उंची दिलेली असते. तेवढ्या उंचीपर्यंत महापालिका किंवा नियोजन प्राधिकरण स्वतःच्या अधिकारात मंजुरी देऊ शकतं. त्यापेक्षा वर जायचं असेल तर विमानतळ प्राधिकरणाकडे जावं लागतं. लाल रंगात मात्र सवलत नाही. तिथे एकमजली बांधकामालाही प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो.

तपासा: प्लॉट दोन चौकोनांत विभागला जातो का? इमारतीचा एक कोपरा जरी कमी उंचीच्या रंगात गेला, तरी त्या कोपऱ्याला तीच मर्यादा.

## टप्पा २: मर्यादा कुठून येते ते समजून घ्या

हा टप्पा टाळू नका. बिल्डरच्या दाव्यातलं खरं किती, हे ओळखायला हाच उपयोगी पडतो.

मोठ्या विमानतळाभोवती काही काल्पनिक पृष्ठभाग आखलेले असतात. साधारण ४ किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीपेक्षा ४५ मीटर उंचीवर एक सपाट छत असतं. त्यापुढे ते ५ टक्के चढाने आणखी १०० मीटर वर जातं. त्याच्याही बाहेर १५ किलोमीटरपर्यंत १५० मीटरचा पृष्ठभाग. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना उतरणीचा पंखा, म्हणजे उतरणाऱ्या विमानांच्या मार्गाखाली पसरत आणि चढत जाणारा पृष्ठभाग, उघडतो. तो धावपट्टीच्या उंबरठ्यापासून, म्हणजे विमान टेकवण्याची जागा जिथे सुरू होते तिथून, ६० मीटरवर सुरू होतो, पहिले ३ किलोमीटर २ टक्के चढतो, पुढचे ३.६ किलोमीटर अडीच टक्के. धावपट्टीच्या बाजूंना चढ तीव्र असतो, १४.३ टक्के.

मुंबई विमानतळाची पातळी समुद्रसपाटीपासून ११-१२ मीटर आहे. त्यात ४५ मिळवले की ५६-५७. या पट्ट्यातल्या कितीतरी पत्रांत याच्या आसपासचा आकडा दिसतो तो यामुळे. पंख्याखाली आलात तर आकडा याहूनही खाली जातो. मुंबईत एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, ०९-२७ आणि १४-३२. म्हणून पंखे चार दिशांना आहेत. पार्ल्यात आणि कुर्ल्यात एकाच गल्लीतल्या दोन सोसायट्यांना वेगवेगळे आकडे मिळतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

इथपर्यंत बऱ्याच लोकांनी ऐकलेलं असतं. हिशेब एवढ्यावर संपत नाही. ढगांतून, केवळ उपकरणांवर विसंबून उतरण्याचे आणि उडण्याचे मार्ग वेगळे आखलेले असतात आणि त्यांच्या खालचं प्रत्येक उंच टोक मोजलेलं असतं. जुलैतल्या एखाद्या दुपारी मुंबईवर ढग खाली आलेले असताना वैमानिकाला तुमची इमारत दिसत नसते. त्याच्यासमोर नकाशावर छापलेला आकडा असतो. साधारण ३ अंशांच्या उतारावरून तो खाली येतो. आयएलएस म्हणजे विमानाला धावपट्टीकडे नेणारी रेडिओ-संकेतांची यंत्रणा. तिच्या पहिल्या श्रेणीत जमिनीपासून सुमारे ६० मीटर, म्हणजे २०० फुटांवर त्याने ठरवायचं असतं की धावपट्टीचे दिवे दिसतात की नाही. तेव्हा विमान उंबरठ्यापासून किलोमीटरभराच्याही आत असतं. दिवे दिसले नाहीत तर त्याला पुन्हा वर जायचं असतं, आणि त्या चढाचा किमान हिशेब अडीच टक्क्यांचा धरलेला असतो. म्हणजे एक किलोमीटर पुढे गेल्यावर फक्त २५ मीटरची वाढ. उड्डाणाच्या मार्गांसाठी आखणी ३.३ टक्क्यांची असते. आणखी दूरच्या टप्प्यांत अडथळ्याच्या माथ्यापासून १५० आणि ३०० मीटरचं अंतर राखावं लागतं.

या हिशेबाच्या आड एखादं टोक आलं तर दोनच गोष्टी होऊ शकतात. निर्णयाची उंची वाढवायची किंवा सगळ्या विमानांकडून जास्त तीव्र चढ मागायचा. निर्णयाची उंची २०० फुटांवरून ३०० झाली, तर ज्या ढगांत काल विमानं उतरत होती त्याच ढगांत आज ती अहमदाबादकडे किंवा हैदराबादकडे वळवावी लागतात. भरलेल्या विमानाला इंजिन बंद पडल्यावर तीव्र चढ जमत नाही, म्हणून भार कमी करावा लागतो. रडार, आयएलएसचे अँटेना, संपर्क यंत्रणा यांच्याभोवतीही वेगळी बंधनं असतात, कारण काँक्रीटचा मोठा पृष्ठभाग त्यांचे संकेत परावर्तित करतो. ‘आम्ही पंख्याच्या बाहेर आहोत, मग आमची उंची का कापली?’ या तक्रारीचं उत्तर बरेचदा इथे असतं.

सावधान: शेजारच्या उंच इमारतीकडे बोट दाखवून काही सिद्ध होत नाही. ती जुन्या नियमांत मंजूर झाली असेल, किंवा बेकायदा असेल. मुंबई विमानतळाभोवतीच्या अशा ४८ इमारतींच्या जास्तीच्या भागावर कारवाई करण्याचे आदेश २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना दिले होते.

## टप्पा ३: मोजणी. सगळ्यात जास्त चुका इथे

अर्जात दोन गोष्टी द्याव्या लागतात: प्लॉटच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची. दाखल्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की ही माहिती अर्जदाराची आहे आणि ती चुकीची निघाली तर दाखला रद्दबातल. म्हणून सर्व्हेअरवर पैसे वाचवू नका.

अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीचेच, म्हणजे जीपीएस ज्या आधारावर चालतं त्याचेच हवेत. जुन्या टोपोशीटवरून काढलेले आकडे वेगळ्या आधारावर असतात, ते चालत नाहीत. एक सेकंद म्हणजे जमिनीवर जवळपास ३० मीटर, म्हणून सेकंदाला दशांश लागतात. मोबाइलवरच्या नकाशावर बोट ठेवून घेतलेला बिंदू स्वतःच्या अंदाजापुरता ठीक आहे, अर्जासाठी नाही.

रूपांतराची चूक तर फार घातक. मोबाइल दाखवतो १९.०६५० अंश. कोणीतरी तो अर्जात १९ अंश ०६ मिनिटं ५० सेकंद असा भरतो. खरा आकडा १९ अंश ०३ मिनिटं ५४ सेकंद. फरक पडतो सुमारे साडेपाच किलोमीटरचा, म्हणजे तुमची सोसायटी कागदावर भलत्याच उपनगरात जाते. तिथली मर्यादा जास्त असेल तर दाखला छान मिळतो आणि संकट दोन वर्षांनी उघडं पडतं.

उंचीत तीन सापळे आहेत.

पहिला सापळा जीपीएसचा. कच्चं जीपीएस यंत्र समुद्रसपाटीपासूनची उंची देत नाही, पृथ्वीच्या आकाराचं गणिती रूप असलेल्या दीर्घवर्तुळाभापासूनची देतं. आपल्या भागात या दोन्हींत ६० मीटरहून जास्त फरक आहे. त्यामुळे मुंबईत हे यंत्र जमिनीची उंची चक्क उणे दाखवू शकतं. हा फरक दुरुस्त करून, शक्यतो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कशी (उंची आधीच मोजून ठेवलेल्या खुणेशी) जोडून उंची काढायची.

दुसरा सापळा खास मुंबईचा. महापालिकेच्या जुन्या नकाशांवरच्या पातळ्या टाऊन हॉल डेटमवरून, म्हणजे उंची मोजण्याच्या जुन्या स्थानिक शून्य-पातळीवरून, लिहिलेल्या असतात. समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा त्या वीसहून अधिक मीटरने मोठ्या दिसतात. आर्किटेक्टच्या सर्व्हे प्लॅनवर जमीन ‘३१ मीटर’ दिसत असेल तर आधी विचारा, कोणत्या डेटमने?

तिसरा सापळा मुद्दाम लावलेला असतो. जमीन कमी उंचीची दाखवली की जमिनीपासून इमारत जास्त उंच बांधता येते, असा हिशेब. तो फसतो. दाखल्यातली अट सांगते की जमिनीची पातळी किंवा जमिनीपासूनची उंची यांवरून वाद झाला तर समुद्रसपाटीपासूनची अनुज्ञेय माथ्याची उंचीच ग्राह्य धरली जाईल. तुम्ही जमीन ९ मीटर दाखवली आणि ती साडेबारा निघाली, तर एक मजला गेला.

तपासा: सर्व्हेअरच्या दाखल्यावर डेटमचं नाव, बेंचमार्कचा उल्लेख, प्रत्येक कोपऱ्याचे आकडे आणि तारीख आहे ना? मग कमिटीतल्या एकाने ते आकडे नकाशावर टाकून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. बिंदू आपल्याच कंपाउंडमध्ये पडतो का?

## टप्पा ४: मीटरचे मजले करा, करार करण्याआधी

हे गणित कमिटीने स्वतः करायचं आहे. उदाहरण घेऊ. माथ्याची मर्यादा ५६.५ मीटर आणि जमीन ९ मीटर. हातात उरले ४७.५.

वरून सुरुवात करा. लिफ्टची मशीन रूम, जिन्याचं छप्पर, पाण्याची टाकी आणि तिच्यावरचा लाइटनिंग अरेस्टर, सगळं त्या ५६.५ च्या आतच बसवायचं. त्यासाठी ६ मीटर बाजूला काढा, राहिले ४१.५. खाली स्टिल्ट पार्किंग साडेचार मीटर, राहिले ३७. एक मजला २.९ मीटर धरला तर १२ मजले बसतात आणि सव्वादोन मीटर शिल्लक राहतात. पंधरा मजले दाखवणाऱ्या बिल्डरला हाच कागद पुढे करा: १५ गुणिले २.९ म्हणजे ४३.५, त्यात स्टिल्ट मिळवला की ४८. टाकी कुठे ठेवणार, असं विचारा.

पोडियम पार्किंग, म्हणजे खालच्या मजल्यांवर गाड्यांची जागा, आलं की आणखी मजले जातात. उंचीच कमी असताना एफएसआय पूर्ण वापरायचा तर इमारत आडवी पसरते, मोकळी जागा कमी होते, घरांत उजेड कमी येतो. हा सौदा रहिवाशांसमोर उघडपणे मांडायला हवा. नाही मांडला तर तो नकाशे मंजूर होताना गुपचूप होतो.

पुणेकरांसाठी एक सूचना. लोहगाव विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटरवर आहे. त्यामुळे कागदावर ६३० वगैरे आकडा पाहून हुरळू नका. जमिनीची पातळी वजा करा, मग बोला.

सावधान: बिल्डरच्या ऑफरमध्ये ‘उंची-परवानगीच्या अधीन’ असं लिहिलेलं असेल तर त्या तीन शब्दांत सगळी जोखीम तुमच्या गळ्यात पडते. उंची कमी मिळाली तर रहिवाशांचं क्षेत्र कमी होणार की बिल्डरचं विक्रीचं, हे करारात लिहून घ्या.

## टप्पा ५: अर्ज

१. खातं सोसायटीच्या ईमेलवर आणि मोबाइल क्रमांकावर उघडा. सल्लागाराच्या नावाने उघडलं तर तो बदलला की पत्रव्यवहारही त्याच्यासोबत जातो.

२. अधिकारपत्र, हमीपत्र, जागेच्या उंचीचा आणि अक्षांश-रेखांशांचा दाखला, साइट प्लॅन हे सगळं एकाच आकड्यांवर जुळतंय याची खात्री करा. एका कागदावर ९.२ आणि दुसऱ्यावर ९.०२ असेल तर शंका येणारच.

३. माथ्याची उंची टाकी, अँटेना, सौर पॅनेलसह मागा. नंतर ‘थोडंसं वाढवू’ म्हणालात तर नव्याने अर्ज.

४. एकाच प्लॉटवर अनेक इमारती असतील तर प्रत्येकीचे कोपरे आणि उंची वेगळी द्या.

## टप्पा ६: आलेलं पत्र वाचा, नुसतं फाइल करू नका

आधी अक्षांश-रेखांश अर्जाशी ताडा. मग माथ्याची अनुज्ञेय उंची बघा. मागितल्यापेक्षा कमी दिली आहे का? त्यानंतर मुदत. साध्या इमारतीसाठी दाखला दिल्या तारखेपासून ८ वर्षं वैध असतो. एकदा मुदतवाढ मिळू शकते, पण अर्ज मुदत संपण्याआधी पोहोचला पाहिजे, आणि विलंब तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झालेला असला पाहिजे. पुनर्विकासाच्या भांडणात आठ वर्षं कशी जातात हे मुंबईकरांना सांगायला नको. संपण्याची तारीख सेक्रेटरीच्या टेबलावर लिहून ठेवा. सेक्रेटरी बदलतात.

उंची कमी मिळाली आणि ती चुकीची वाटली तर आधी आपलेच आकडे पुन्हा मोजा. अर्जातला दोष असेल तर दुरुस्त अर्ज करा. तरीही मतभेद राहिला तर नियमांत अपील समितीची तरतूद आहे, आणि काही प्रकरणांत वैमानिकी अभ्यास करून पाहिलं जातं की त्या उंचीने उड्डाणांच्या सुरक्षिततेवर आणि नियमिततेवर परिणाम होतो का. उतरणीच्या पंख्यात घुसणाऱ्या इमारतीने यावर फार आशा ठेवू नये, असं माझं मत आहे. बाहेरच्या सपाट छतापाशी अडकलेल्या जागेला मात्र प्रयत्न करण्यात अर्थ आहे. ‘आपली ओळख आहे, वाढवून आणतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मर्यादा भूमितीतून येते, आणि भूमितीत ओळख चालत नाही.

## टप्पा ७: बांधकाम चालू असताना

टॉवर क्रेन इमारतीपेक्षा उंच असते, हे सगळ्यांना दिसतं आणि तरीही कोणाच्या लक्षात राहत नाही. क्रेनचं टोक अनुज्ञेय उंचीच्या वर जाणार असेल तर ती उभी करण्याआधी प्राधिकरणाशी बोलून वेगळी परवानगी घ्या. विमानाच्या दृष्टीने तात्पुरता अडथळाही अडथळाच.

प्लिंथ झाल्यावर एकदा, मधल्या एखाद्या स्लॅबला एकदा आणि शेवटच्या स्लॅबच्या आधी एकदा पातळी मोजून घ्या, बिल्डरच्या सर्व्हेअरकडून नव्हे, स्वतंत्र माणसाकडून. प्रत्येक मजल्यावर ४ सेंटिमीटर जास्त गेले तर १२ मजल्यांवर जवळपास अर्धा मीटर होतो. शेवटच्या स्लॅबनंतर कळलं तर कापण्याखेरीज उपाय नसतो.

दिवसा दिसणाऱ्या खुणा आणि रात्रीचे अडथळा-दिवे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या निकषांप्रमाणे लावा. गच्चीवरचे झगमगते फ्लडलाइट किंवा लेझर मात्र नकोत.

तपासा: भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी पूर्ण झालेल्या इमारतीच्या माथ्याची उंची प्रमाणित करून घेतली आहे का? ती प्रत सोसायटीच्या दप्तरात मूळ स्वरूपात हवी.

## टप्पा ८: राहायला गेल्यानंतर

दाखल्याच्या अटी इमारत पूर्ण झाली म्हणून संपत नाहीत. माथ्याच्या वर काहीही जाता कामा नये, मग ते केबलवाल्याचं अँटेना असो, मोबाइल कंपनीचा खांब असो, जाहिरातीचा फलक असो. सर्वांत जास्त उल्लंघनं करते ती पावसाळी शेड. गळती थांबवायला गच्चीवर पत्र्यांचं छप्पर चढवलं जातं आणि महापालिकेची परवानगी घेतली की झालं, असं समजलं जातं. टाकीच्या माथ्यापेक्षा शेड खाली असेल तर सहसा अडचण नाही. पण मोजल्याशिवाय ते कळणार कसं?

झाडंही यात येतात. अडथळे पाडण्याचे १९९४ चे केंद्रीय नियम इमारतींसोबत झाडांचंही नाव घेतात, आणि पंख्याच्या अगदी जवळच्या सोसायटीत उंच माड छाटण्याची नोटीस आली तर ती खोडसाळपणा समजू नये. अशा नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, सोबत माथ्याच्या उंचीचं प्रमाणपत्र जोडा. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. दप्तरातल्या दाखल्यावर जुन्या कायद्याचं कलम छापलेलं असलं, तरी त्या कारणाने नोटीस बाजूला ठेवू नका.